मदत हवी आहे: मामाच्या कॅसेटवरचं ‘मी अँड बॉबी मॅकगी’ हे गाणं कोणी गायलंय?

नमस्कार मंडळी. मामा बोटीवर होता. त्याच्या सामानात एक साठ मिनिटांची कॅसेट सापडली. लेबलवर बॉलपेनने फक्त ‘बॉबी’ लिहिलंय, तेही अर्धं पुसलेलं. टेप मध्येच ओढली जाते, आवाज जाड होतो, त्यामुळे मोबाइलवरची गाणं ओळखणारी अ‍ॅप्स हात टेकतात.

गाणं लिहिलेलं अमेरिकन गायक-गीतकार क्रिस क्रिस्टोफरसनचं, एवढं नक्की. पण गायलंय किती जणांनी! सर्वांत आधी १९६९ मध्ये रॉजर मिलर, मग गॉर्डन लाइटफूट, १९७० मध्ये स्वतः क्रिस. जॅनिस जॉप्लिनने ते मृत्यूच्या काही दिवस आधी रेकॉर्ड केलं आणि १९७१ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिच्या गाण्यात बॉबी पुरुष आहे, मूळ गाण्यात बाई. (मला तिचंच सर्वांत आवडतं, पण तो वाद नंतर.)

कॅसेटवर आवाज पुरुषाचा आहे आणि बॉबी बाईच आहे, म्हणजे जॅनिस बाद. पियानो वाजवत गाणाऱ्या जेरी ली लुईसचंही नसावं, कारण पियानो अजिबात नाही. नुसती गिटार, आणि शेवटचं ‘ला ला ला’ गुणगुणल्यासारखं, घाई न करता.

मिलर, लाइटफूट की क्रिस? तिघांचं गाणं कानात पक्कं बसलेलं कोणी आहे का इथे? शेवटच्या भागात कोण काय करतो तेवढं सांगा. चाळीस सेकंदांचा तुकडा कॉमेंटमध्ये टाकतो, खरखर सांभाळून घ्या.