भाचा सतत नेटवर असतो आणि तरी एकटा, फोन काढून घ्यावा का?

कोरांटी:
माझा भाचा १५ चा आहे. शाळेतून आला की फोन, जेवताना फोन, रात्री दीड-दोनपर्यंत गेम नाहीतर व्हिडिओ. ताई म्हणते नेटमुळेच तो एकलकोंडा झालाय, नेट बंद केलं की आपोआप बाहेर पडेल, मित्र होतील. मला ते पटत नाहीये, कारण मागे बोलता बोलता तो म्हणाला की मावशी वर्गात माझ्याशी कोणी बोलतच नाही, गेममध्ये निदान माझी वाट तरी बघतात. फोन काढला तर तेवढंही जाईल ना? की मीच उगाच त्याची बाजू घेतेय? मुलांसोबत काम करणारं कोणी असेल तर प्लीज सांगा, खूप काळजी वाटते.

जुना_वाचक:
नेटमुळे एकटेपणा की एकटेपणामुळे नेट, हा वाद बराच जुना आहे. १९९८ मध्ये रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्गमधल्या ७३ घरांतल्या १६९ लोकांवर अभ्यास केला होता, तेव्हा नेट जास्त वापरणाऱ्यांचा एकटेपणा थोडा वाढलेला दिसला आणि त्याची खूप चर्चा झाली. पण पुढे त्याच लोकांना परत तपासलं तर ते वाईट परिणाम बहुतेक विरून गेले होते. त्यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांना आधीपासून माणसांचा आधार होता त्यांना नेटचा फायदा झाला आणि ज्यांना नव्हता त्यांना तितका नाही. म्हणजे तुमच्या भाच्यासारख्या मुलाला नुसतं नेट पुरणार नाही हे खरं, पण नेट काढून घेतल्याने माणसं मिळतील असंही त्यातून निघत नाही. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली, त्यात मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचा संबंध स्क्रीनशी लागला. अर्थात ही सरासरी झाली, एखाद्या मुलाला खूप त्रास होतच असू शकतो.

निळी_वही:
मी १८ ची आहे, यातून गेलेय म्हणून लिहिते. मावशी, त्याच्या ऑनलाइन मित्रांना प्लीज खोटे मित्र म्हणू नका, असं ऐकलं ना की आम्ही घरी काही सांगायचंच बंद करतो. आणि किती तास बघतोस यापेक्षा काय बघतोस, कोणासोबत खेळतोस, ते झाल्यावर बरं वाटतं का अजून रिकामं वाटतं हे विचारा. कारण टीमसोबत बोलत खेळणं वेगळं आणि वर्गातले सगळे एकत्र फिरायला गेलेले फोटो रात्री एकट्याने बघत बसणं वेगळं, मला तरी त्या फोटोंचाच जास्त त्रास व्हायचा, आपल्याला बोलावलंच नाही हे परत परत दिसत राहतं.

समुपदेशक_शाळा:
वरचं पटलं. मी शाळेत मुलांशी बोलते, माझ्या मते सुरुवात झोपेपासून करा. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, या वयात शरीराचं घड्याळ तसंही उशिरा सरकलेलं असतं, त्यात दीड-दोनपर्यंत गेम आणि सकाळी शाळा म्हणजे मूल कायम अर्धवट झोपेत, मग चिडचिड, उदासपणा आणि लोकांना टाळणं वाढतंच. म्हणून दिवसभराची बंदी नको, रात्री ठराविक वेळेनंतर फोन खोलीबाहेर, आणि तो नियम घरातल्या मोठ्यांनाही, नाहीतर त्याला ती शिक्षाच वाटेल.

दुसरं, वर्गात कोणी बोलत नाही याचा छडा लावा. कोणी मुद्दाम वगळतंय का, चिडवतंय का? तसं असेल तर शाळेशी बोलायलाच हवं, ते घरात फोनवर भांडून सुटणार नाही.

आणि लगेच ‘व्यसन’ म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यात ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान होऊनही खेळत राहणं आणि हे साधारण १२ महिने चालणं असं बघतात. मात्र दोन आठवड्यांहून जास्त सतत उदास असेल, खाणं-अभ्यास सुटलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचं बोलला किंवा स्वतःला इजा केली तर वाट बघायचीच नाही, त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी मदत घ्या. याबद्दल सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत.

कोरांटी:
खूप आभार सगळ्यांचे. चिडवण्याचा मुद्दा आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. पण ताईला कसं सांगू? ती म्हणेल तू लाडावतेस.

समुपदेशक_शाळा:
ताईंना म्हणा फोनचं नंतर बघू, आधी दोघी मिळून त्याच्या वर्गशिक्षकांना भेटू, मधल्या सुट्टीत तो कोणासोबत असतो एवढंच विचारू. ताई काळजीनेच बोलतायत, या कामात त्या नाही म्हणणार नाहीत. आणि त्याला आधी कल्पना देऊन जा, त्याच्या पाठीमागे नको.