‘संकल्पनाधारित शोध’ म्हणजे नेमकं काय?

निफाडहून:
‘संकल्पनाधारित शोध’ आणि समानार्थी शब्द जोडून केलेला शोध एकच का? द्राक्षबागांवरच्या जुन्या लेखांची सूची करतोय. ‘केवडा’ टाकलं की रोगावरचे काही लेख मिळतात, पण ज्यांत त्याच रोगाचं इंग्रजी नाव ‘डाऊनी’ लिहिलंय ते सुटतात. शिवाय फुलाच्या केवड्याचे लेख मधेच घुसतात.

कॉलेज रोडहून:
एकच नाही, दादा. तुमच्या अडचणी दोन आहेत. एका रोगाला दोन नावं, म्हणून हवे ते लेख सुटतात. एका नावाचे दोन अर्थ, म्हणून नको ते येतात. समानार्थी शब्द जोडून पहिली अडचण मिटेल; दुसरी आहे तिथेच राहील.

संकल्पनाधारित शोधात शब्दामागचा अर्थ धरतात. एक रस्ता कोशाचा. आयआयटी मुंबईत मराठी वर्डनेट तयार झालं. त्यात समानार्थी शब्दांचा एक संच म्हणजे एक संकल्पना. मग लेखातला केवडा कुठला, ते शेजारच्या शब्दांवरून ठरवायचं. जवळ भुरी, फवारणी, छाटणी असेल तर रोग. अत्तर, कणीस असेल तर फूल.

दुसरा रस्ता गणिताचा. स्कॉट डीअरवेस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९० साली तो सविस्तर मांडला. कुठला शब्द कुठल्या लेखात किती वेळा आला याचा तक्ता करायचा आणि तो मोजक्या मितींत आवळायचा, म्हणजे प्रत्येक शब्दाची जागा थोडक्या आकड्यांनी दाखवायची. ‘केवडा’ आणि ‘डाऊनी’ एकाही लेखात एकत्र आले नसतील, तरी दोघांच्या सोबतीला फवारणी, पानं, दमट हवा हेच शब्द असतात. म्हणून ते जवळ येतात. कोशाशिवाय हे जमतं, याचं मला अजून नवल वाटतं. मात्र इथे प्रत्येक शब्दाला एकच जागा मिळते, त्यामुळे ‘केवडा’ फूल आणि रोग यांच्या अधेमधे कुठेतरी पडतो.

पंचवटीहून:
मग ‘सिंहस्थ’ आणि ‘कुंभमेळा’ एकाच संचात टाकायचे ना? नाशकात तर आपण सिंहस्थच म्हणतो.

कॉलेज रोडहून:
सरसकट नको, काका. गुरू सिंह राशीत असतो तो सगळा काळ सिंहस्थ. लग्नाच्या मुहूर्तांवरच्या लेखांतही तो शब्द येतो. उज्जैनच्या मेळ्यालाही सिंहस्थच म्हणतात. लेखात गोदावरी, रामकुंड, त्र्यंबकेश्वर, आखाडे असतील तरच तो नाशिकच्या कुंभमेळ्याकडे वळवावा.

निफाडच्या दादांनी सूचीत प्रत्येक लेखापुढे विषयाचा वेगळा रकाना ठेवावा: ‘द्राक्ष, केवडा रोग’. लेखकाने आत डाऊनी लिहिलं असलं तरी रकान्यात हेच. ‘केवड्याचा’, ‘केवड्यामुळे’ ही रूपं त्याआधी मूळ शब्दावर आणून घ्या, नाहीतर बरेच लेख हातचे जातील.