मदत हवी आहे: रडारवर लालभडक ढग, अंगणात नुसती धूळ. नेमकं बघायचं काय?

ढगवेडी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच माफी मागून ठेवते.

पावसाने ओढ दिल्याला किती दिवस झाले हे मोजणं मी सोडून दिलंय. विहिरीचा दोर दोनदा वाढवला, एवढं सांगितलं की पुरे. तीन वर्षं झाली ढगांच्या नादी लागून. दुपारी दोन वाजले की रडार, उपग्रहाची चित्रं आणि विजांचा नकाशा, तिन्ही खिडक्या उघडून बसते. चांगल्या वर्षी ही हौस असते. यंदा व्यसन झालंय.

मंगळवारचंच सांगते. चार वाजून दहा मिनिटांनी पश्चिमेला ३५ किमीवर ढग, मधोमध लाल, ताशी ४० किमीच्या वेगाने सरळ आमच्या दिशेने. हिशेब केला, पाच वाजता पोचेल. घरात जाहीर केलं, पागोळ्यांखाली बादल्या लावल्या आणि मी फोन घेऊन गच्चीवर. पाच वाजता आभाळ काळंकुट्ट, कडाडणाऱ्या विजा, वारा असा की दारं आपटली, तोंडात माती. आणि पाऊस? कठड्यावर अकरा थेंब. मोजलेत. रुपयाएवढे टपोरे, पण अकराच. गंमत म्हणजे त्याच क्षणी रडारवर आमच्या घरावर झकास पिवळा रंग होता. म्हणजे नकाशात मी भिजत होते आणि गच्चीवर कोरडी.

या आठवड्यातली ही तिसरी हुलकावणी. आईने बादल्या उचलून आत ठेवल्या, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रडार खोटं बोलतं का? की मी चुकीचं वाचतेय? आणि येणारा ढग बरसणार की नुसता गडगडून जाणार, हे अर्धा तास आधी कशावरून ओळखायचं? माहितीसाठी: त्या दिवशी चार वाजता तापमान ४१, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं) ८. जवळचं रडार साधारण १२० किमीवर आहे.

गडगडाट

गर्जेल तो पडेल काय! धागा बंद करा.

(गंमत केली हो. माझीही हीच रड आहे, जाणकारांची वाट बघतोय.)

जुना_निरीक्षक

ढगवेडी, शेवटच्या दोन ओळी लिहिल्यात हे फार बरं केलंत. उत्तर तिथेच आहे.

तापमानातून दवबिंदू वजा करा: ४१ वजा ८, म्हणजे ३३. दर एका अंशाला सुमारे १२५ मीटर धरा. ढगाचा तळ जमिनीपासून जवळजवळ ४१०० मीटरवर येतो. म्हणजे थेंब तळातून सुटला की त्याला चार किलोमीटर कोरड्या, तापलेल्या हवेतून खाली यायचंय. बहुतेक थेंब वाटेतच संपतात. ढगाखाली झालरीसारख्या लोंबणाऱ्या, जमिनीला न टेकणाऱ्या करड्या रेषा दिसल्या असतील, त्यांना व्हर्गा म्हणतात. तो खराच पाऊस असतो, फक्त खालपर्यंत येत नाही.

आता रडार. ते खोटं बोलत नाही, ते वरचं बोलतं. झोत साधारण अर्ध्या अंशाने वर रोखलेला असतो, शिवाय पृथ्वी गोल. त्यामुळे १२० किमीवर झोताचा मध्य जमिनीपासून जवळपास १.९ किमी उंचीवर असतो, आणि तिथे त्याची जाडीही दोनेक किमी होते. तुमचा पिवळा रंग म्हणजे डोक्यावर दोन किलोमीटरवर असलेला पाऊस. उरलेल्या दोन किलोमीटरमध्ये काय झालं, ते त्याला दिसतच नाही.

आणखी एक. बऱ्याच ॲपमध्ये उभ्या स्तंभातला सर्वांत जास्त आकडा रंगवतात. ते चित्र दुष्काळात हमखास फसवतं. पर्याय असेल तर सर्वांत खालच्या कोनाचं चित्र निवडा.

ढगवेडी

आई गं. १२५ चा हिशेब तर रोज दुपारी मनातल्या मनात करता येईल! पण मग लाल रंग? रंग लाल म्हणजे पाऊस जोरदार असंच वाचलंय सगळीकडे.

जुना_निरीक्षक

रंग म्हणजे परत आलेला प्रतिध्वनी, पाऊस नव्हे. आणि प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर तो एकटा चौसष्ट थेंबांएवढा रडारला दिसतो. कोरड्या हवेत बारीक थेंब आधी मरतात, मोठे तगतात. तुमचे ते रुपयाएवढे अकरा आठवा. असे विरळ टपोरे थेंब किंवा गारा असल्या की चित्र लाल, आणि डब्यात काहीच नाही.

प्रतिध्वनीवरून पाऊस काढायचं, मार्शल आणि पामर यांनी १९४८ साली दिलेलं सूत्र अजून वापरात आहे. त्यानुसार ३० डीबीझेड (प्रतिध्वनीचं माप, रंग त्यावरूनच ठरतो) म्हणजे ताशी पावणेतीन मिमीच्या आसपास, ४० म्हणजे साडेअकरा. पण हे सूत्र थेंबांचं एक ठरावीक मिश्रण गृहीत धरतं. तुमच्याकडे ते मिश्रणच बिघडलेलं.

वाऱ्याची_दिशा

निरीक्षककाकांच्या पुढचं थोडं मी लिहितो, कारण "३५ किमी भागिले ४०" या गणितात मीही वर्षभर अडकलो होतो.

ढग बैलगाडीसारखा येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ला फ्लोरिडात आणि १९४७ला ओहायोत, बायर्स आणि ब्रॅहम या हवामानशास्त्रज्ञांनी गडगडाटी ढगांत चक्क विमानं घालून मोजमापं घेतली. त्यातून ढगाच्या तीन अवस्था स्पष्ट झाल्या: आधी नुसता चढता प्रवाह, मग चढता आणि उतरता दोन्ही, शेवटी फक्त उतरता. सुट्या ढगाचं हे सगळं आयुष्य अर्धा ते एक तासाचं. तुम्ही लाल रंग पाहिलात तेव्हा तो बहुधा भर तारुण्यात होता. पन्नास मिनिटांनी तुमच्यापर्यंत पोचलं ते त्याचं म्हातारपण.

म्हणून एक चित्र बघू नका, लागोपाठची पाच-सहा बघा. लाल गाभा पसरतोय की आक्रसतोय? मेलेल्या ढगाच्या पुढच्या अंगाला नवा कोंब फुटतोय का? कोंब फुटत असतील तर आशा ठेवा, मग एकेक ढग मेला तरी रांग चालत राहते.

आणि तो वारा. बाष्पीभवनाने गार झालेली जड हवा ढगाखालून जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. वारा आला आणि मागोमाग पाच-सात मिनिटांत सर आली तर ठीक. वारा येऊन वीस मिनिटं झाली, आणि पाऊस अजून क्षितिजावरच, तर समजा की ढगाने स्वतःच स्वतःचे पाय कापलेत: गार हवा पुढे निघून गेली आणि त्याला मिळणारी उबदार हवा तुटली. रडारवर कधीकधी ही गार हवा बारीक कमानीसारख्या रेषेत दिसते. अशा दोन कमानी कुठे भिडतायत तिकडे लक्ष ठेवा, नवे ढग तिथेच उभे राहतात.

ढगवेडी

वाऱ्याचं तंतोतंत तसंच झालं होतं! वारा आल्यावर पारा ४१ वरून ३० वर. घरातले म्हणाले, निदान गारवा तरी दिला.

वाऱ्याची_दिशा

तो गारवा म्हणजेच तुमचा पाऊस. थेंब हवेत विरताना हवेतली उष्णता घेऊन गेले. पाऊस आला होता, फक्त बादलीत मावेल अशा रूपात नव्हता.

कोरडवाहू

सगळे हुशार दिसता, म्हणून विचारतो. ॲपवर ९० टक्के लिहिलं होतं. त्या भरवशावर दोन माणसं लावून रान तयार केलं. आला का? नाही आला. मग या टक्क्यांना काय अर्थ आहे? आणि तुम्ही लोक चार मिमीला नाचता, त्याने माझ्या रानाची ढेकळंही भिजत नाहीत.

जुना_निरीक्षक

दादा, राग रास्त आहे. ९० टक्के याचा सरळ अर्थ: असे दहा दिवस आले तर नऊ दिवस पाऊस आणि एक दिवस कोरडा. तुमच्या वाट्याला तो एक आला असेल, किंवा ॲपने आकडा साऱ्या परिसरासाठी काढला असेल आणि दाखवला तुमच्या रानावर. सुट्या गडगडाटी ढगांच्या दिवशी हा दुसरा घोळ नेहमीचा. परिसरात कुठेतरी पडणार हे जवळपास नक्की, तुमच्या बांधाच्या आत पडेल का, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं फोर्ट कॉलिन्स, जुलै १९९७. एकाच शहराच्या एका भागात ढगाने फूटभराहून जास्त पाऊस ओतला, पूर आला, आणि त्याच शहराच्या दुसऱ्या भागात बेताचा. त्या धक्क्यातूनच पुढच्या वर्षी तिथे कोकोराझ हे हौशी पर्जन्य-निरीक्षकांचं जाळं सुरू झालं. घरोघरी साधी पर्जन्यमापी आणि रोज सकाळी एक नोंद. रडारच्या फटी माणसांनी बुजवल्या.

चार मिमीचं तुम्ही म्हणता ते खरं. एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या छपरावरून चार मिमीत चारशे लिटर मिळू शकतात, पण रानात तेच पाणी वरच्या बोटभर मातीत अडकून दुसऱ्या उन्हात उडून जातं. शिवाय कोरडी जमीन स्वतःच दुष्काळ लांबवते. ओल नाही, म्हणून हवेत बाष्प नाही, म्हणून दवबिंदू खाली, म्हणून ढगाचा तळ उंच. एका वळवाने ही साखळी तुटत नाही.

गडगडाट

एक शंका. हवामानाच्या मॉडेलमध्ये केप (ढग वर उसळायला हवेत साठलेली ऊर्जा) ३००० दिसला की माझ्या पोटात गोळा येतो आणि मग काहीच होत नाही. असं का?

वाऱ्याची_दिशा

केप म्हणजे चुलीजवळ लाकडं किती रचलीत तेवढंच. पेटवणार कोण? वर उबदार हवेचं झाकण असेल तर ३००० काय न् ४००० काय, संध्याकाळपर्यंत नुसतं निरभ्र. मी केपच्या शेजारी सीआयएनचा, म्हणजे ते झाकण किती घट्ट आहे याचा आकडा बघतो. तो शून्याच्या जवळ सरकत असेल तरच बाहेर डोकावतो.

आणि उपग्रहाच्या चित्रातल्या पांढऱ्याशुभ्र थंड माथ्यांवरही भाळू नका. ऐरणीसारखा पसरलेला तो वरचा भाग शेकडो किमी वाहत जातो, त्याखाली थेंब नसतो. हिमावारी किंवा मेटिओसॅट या उपग्रहांची चित्रं दर दहा-पंधरा मिनिटांनी येतात, त्यांत फुलकोबीसारखे फुगणारे नवे ढग शोधा. ते उपयोगाचे.

जुना_निरीक्षक

सगळ्यांनी छान लिहिलं, पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. ढगवेडी, तुम्ही विजा कडाडत असताना गच्चीवर फोन घेऊन थेंब मोजत होतात?

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. कोरड्या गडगडाटात धोका कमी नसतो, उलट लोक पाऊस नाही म्हणून बाहेर उभे राहतात. वाळलेल्या गवताला अशाच विजांनी आगी लागतात. तीस वर्षं नोंदी घेतल्या, पण वादळात मापीजवळ कधी गेलो नाही. पाऊस डब्यात थांबतो हो, पळून जात नाही.

ढगवेडी

चूक कबूल. यापुढे खिडकीतून.

ढगवेडी (नऊ दिवसांनी)

धागा वर काढतेय.

मधले दोन ढग मी घरात जाहीरच केले नाहीत. एकदा फरक २९, एकदा २६. दोन्ही वेळा झालरी दिसल्या आणि विरल्या. पण शनिवारपासून दवबिंदू चढायला लागला: १४, १७, आणि काल दुपारी २१. तापमान ३४. फरक १३, म्हणजे तळ १६०० मीटर. डोंगराची शेंडी ढगात गेलेली उघड्या डोळ्यांनी दिसत होती. रडारवर फार काही नव्हतं, ३५ डीबीझेडच्या आसपास, लालचा ठिपकासुद्धा नाही. पण मागे कोंब फुटत होते, एकामागून एक.

तरीही तोंड उघडलं नाही. वारा आला, मनातल्या मनात मिनिटं मोजली. सहाव्या मिनिटाला पत्र्यावर आवाज सुरू झाला. आईच आतून ओरडली, "अगं, बादल्या!"

पंचवीस मिनिटं. सरळ भिंतीच्या डब्यात पट्टी घालून मोजलं: ११ मिमी. कोरडवाहूदादा, तुमच्याकडे?

कोरडवाहू

आमच्याकडे शिंतोडे. पण वास आला मातीचा. आणि रात्री बांधावर उभं राहिलो तर तुमच्या बाजूच्या विजा दिसत होत्या. आज फरक १२ आहे. बघतोय.

जुना_निरीक्षक

अभिनंदन! डबा कुठे ठेवला होता?

ढगवेडी

अंगणात. पागोळीपासून दीड हातावर.

जुना_निरीक्षक

मग त्यात छपराचे शिंतोडे आलेत. भिंत डब्याहून जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर हवं. ११ हा आकडा वहीत धरू नका.

ढगवेडी

काका, तो मी पेनाने लिहिलाय, खोडणार नाही. पुढे "शंकास्पद" असं लिहिते. डबा आत्ताच परसात मोकळ्यावर नेऊन ठेवला. आईनेच जागा दाखवली.