नंबर नववा आणि ड्राफ्टच्या दिवशीच गौरी! टीम कशी बांधू?

एडिसनचा_बंड्या:
ऑफिसातल्या फॅन्टसी फुटबॉल लीगमध्ये माझं हे दुसरं वर्ष (सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉलची एनएफएल; खऱ्या खेळाडूंतून आपापली टीम निवडायची, ते मैदानात करतील त्याचे आपल्याला पॉइंट). 12 टीम, स्नेक ड्राफ्ट (आळीपाळीने खेळाडू निवडायचे, दर फेरीला क्रम उलटा), प्रत्येक कॅचला अर्धा पॉइंट, वेव्हरच्या बोलीसाठी (म्हणजे कुणीच न घेतलेले खेळाडू नंतर उचलायला) सीझनभर मिळून 100 लुटुपुटूचे डॉलर. गेल्या वर्षी निवडीत पहिला नंबर लागला म्हणून डोळे मिटून फोर्टीनाइनर्सचा स्टार रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) मॅकॅफ्री घेतला. 9 सप्टेंबर 2024, सोमवारची रात्र. सामन्याच्या तोंडावर कळलं की साहेब खेळणारच नाहीत. त्याच्या जागी जॉर्डन मेसन उतरला आणि 28 वेळा बॉल घेऊन 147 यार्ड पळाला. मेसन आमच्या लीगमध्ये मोकळा होता! पण बोली मंगळवारी रात्रीपर्यंत, आणि त्याच दिवशी घरी गौरी. बायको दारात पावलं काढतेय आणि मी फोन घेऊन कोपऱ्यात? हिंमतच झाली नाही. सकाळी मेसन समोरच्या क्युबिकलवाल्याकडे. मॅकॅफ्री वर्षभरात 4 सामने खेळला, मी बारावा.

यंदा ड्राफ्ट रविवारी, 31 ऑगस्टला. पुन्हा गौरी आवाहन! नवव्या नंबरावरून सुरुवात कशाने करू?

लेकसाइड_वहिनी:
बंड्या, आधी कागदावर आकडे मांड. तुझी पाळी 9, 16, 33, 40. पहिल्या दोन पाळ्यांमध्ये फक्त सहा खेळाडू जातात, म्हणून तिथे एक रनिंग बॅक आणि एक रिसीव्हर (पास झेलणारा) बिनधास्त घे. पण 16 नंतर तब्बल सोळा जण जातात. "पुढच्या फेरीत मिळेल की" म्हणून कुणाला ठेवलंस, तर तो गेलाच समज. क्वार्टरबॅकची (पास फेकणाऱ्याची) घाई नको, एकच तर लावायचा असतो.

आता वेव्हर. 2023 ला पहिल्याच आठवड्यात रॅम्स टीमचा रिसीव्हर पुका नाकुआ याने 10 कॅच, 119 यार्ड केले. एनएफएलच्या निवडीत पाचव्या फेरीतला पोरगा, आमच्या ड्राफ्टमध्ये कुणी विचारलं नव्हतं. मी कॅच सोडून टार्गेट (त्याच्याकडे फेकलेले पास) बघितले: 15! तरी हात आखडला, 14 डॉलर लावले. दुसऱ्याने 31 लावून नेला. नाकुआने सीझनला 105 कॅच, 1,486 यार्ड केले, तेव्हाचा नवख्यांचा विक्रम. माझ्याकडे नोव्हेंबरात 60 डॉलर शिल्लक, आणि घेण्याजोगं कुणी नाही. ते डॉलर काही पुढच्या वर्षी चालत नाहीत रे. सप्टेंबरातच उडव.

तिरका_पास:
वहिनी, टार्गेटवर एवढं जाऊ नका. 2024 च्या पहिल्या सामन्यात रेव्हन्सचा आयझाया लाइकली आठवतोय? शेवटच्या बॉलवर पायाचा अंगठा रेषेबाहेर पडला तो. 9 कॅच, 111 यार्ड, टार्गेटही भरपूर. मी 40 डॉलर ओतले. पुढच्या आठवड्यात 2 कॅच.

लेकसाइड_वहिनी:
कारण त्याच जागी खेळणारा रेव्हन्सचा मुख्य गडी मार्क अँड्र्यूज धडधाकट होता! नाकुआच्या वेळी रॅम्सचा मुख्य रिसीव्हर कूपर कप जायबंदी होता, जागाच रिकामी होती. खेळला किती, याच्याइतकंच कुणाच्या जागी खेळला तेही बघायचं. त्याच आठवड्यात, त्याच रॅम्सचा रनिंग बॅक कायरन विल्यम्स घ्या. त्याच जागेवरच्या कॅम एकर्सने 22 वेळा बॉल घेऊन 29 यार्ड काढले, दुसऱ्या सामन्याला त्याला बसवलं आणि थोड्याच दिवसांत मिनेसोटाला धाडलं. कायरन 12 सामन्यांत 1,144 यार्ड पळाला.

तिरका_पास:
हे मान्य. बंड्या, बेंचवर दुसरा क्वार्टरबॅक, दुसरा किकर वगैरे भरू नकोस. तिथे दुसऱ्यांच्या टीममधल्या स्टार बॅकच्या मागे उभे असलेले गडी ठेव. मेसन असाच मिळतो, मग मंगळवारी बोली लावायची वेळच येत नाही.

एडिसनचा_बंड्या:
आणि किकर?

लेकसाइड_वहिनी:
शेवटच्या फेरीत. डिफेन्स त्याच्या आधी. यादी शनिवारीच ॲपमध्ये क्रमाने लावून ठेव, म्हणजे तू आरतीत असलास तरी ऑटोड्राफ्ट तुझ्याच यादीतून उचलेल. पण एखाद्याला नुकतीच दुखापत झाली असेल तर त्याला हाताने खाली ढकल. ॲप विचारत बसत नाही.

एडिसनचा_बंड्या:
बायकोला विचारलं. म्हणाली, ड्राफ्ट संध्याकाळी सातला आहे ना, मग गौरी पाचला आणू. पुरणयंत्र मात्र मला फिरवायचंय.