मदत हवी आहे: रेसलिंग कंपन्यांवरून रेस्टॉरंटच्या थीम सुचवा (अर्जंट)

निशाचर_२१
मंडळी, पटकन मदत हवी आहे. रेसलिंगच्या पाच वेगवेगळ्या कंपन्या घेऊन प्रत्येकीवर एक रेस्टॉरंट, अशी कल्पना मांडायची आहे. डब्ल्यूडब्ल्यूईचं सुचलंय (भिंतीवर पोस्टर्स, अंडरटेकर बर्गर वगैरे), पुढे गाडी अडकली. नुसती नावं नकोत, मेनू आणि सर्व्हिसही सांगा. परवा द्यायचंय. गूगल करून झालंय, तेव्हा तो सल्ला नको.

हिशेबनीस
कुठे काढताय? जागा स्वतःची की भाड्याची? एफएसएसएआयचं लायसन्स, फायर एनओसी, महापालिकेची परवानगी हे आधी बघा. दुसऱ्याच्या कंपनीचं नाव आणि लोगो लावलात तर ट्रेडमार्कची नोटीस येणार हे धरून चाला. थीमचं सगळ्यात शेवटी.

तालमीतला
परदेशी कंपन्या कशाला? कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आहे. तालमीचा खुराक घ्या. बदाम घोटून थंडाई, म्हशीचं दूध, तूप, वर तांबडा-पांढरा. पाच कशाला, एकच काढा आणि रांग बघा.

रिंगसाईड
तालमीतले, ती कुस्ती वेगळी. इथे निकाल आधी ठरलेला असतो, मजा तो कसा रंगवला यात असते.

तालमीतला
मग तो तमाशा झाला.

घुंगरू
तमाशाला नावं ठेवू नका. त्यातही अंगमेहनत लागते.

रिंगसाईड
धागाकर्ते, पोस्टर आणि बर्गर ही थीम नव्हे. ते करून लोक हात पोळून बसलेत. हल्क होगन या पैलवानाचं पास्तामेनिया १९९५ मध्ये मिनेसोटाच्या मॉल ऑफ अमेरिकात उघडलं. डब्ल्यूडब्ल्यूईची तेव्हाची प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूने नायट्रो या आपल्या टीव्ही कार्यक्रमाचा पहिलावहिला भाग त्याच मॉलमधून दाखवला, होगनने त्यात जाहिरातही केली, तरी ते वर्षभर टिकलं नाही. डब्ल्यूसीडब्ल्यूचं नायट्रो ग्रिल लास व्हेगासच्या एक्सकॅलिबर हॉटेलात १९९९ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी बंद. टाइम्स स्क्वेअरचं डब्ल्यूडब्ल्यूएफ (डब्ल्यूडब्ल्यूईचं जुनं नाव) न्यूयॉर्कही २००३ पर्यंतच. नाव बघून लोक एकदा येतात, दुसऱ्यांदा जेवायला येत नाहीत.

कंपनी चालते कशी ते बघा आणि तेच हॉटेलात आणा. ईसीडब्ल्यू घ्या. फिलाडेल्फियातला बिंगो हॉल, घडीच्या खुर्च्या, सजावट शून्य. प्रेक्षक घरून हत्यारं आणायचे, त्यात तवेसुद्धा असायचे, आणि पैलवान तीच एकमेकांच्या डोक्यात घालायचे. तर इथे गिऱ्हाईक घरून एक जिन्नस आणेल. कारलं आणा, फणस आणा, आचारी त्याचं समोर काहीतरी करेल. चांगलं होईलच याची हमी नाही. आवडलं नाही तर ओरडायची मुभा आहे, तिथले प्रेक्षक तेच करायचे.

हिशेबनीस
बाहेरचा जिन्नस स्वयंपाकघरात? फूड इन्स्पेक्टर कुलूप लावेल.

रिंगसाईड
ईसीडब्ल्यू २००१ मध्ये दिवाळखोरीतच गेली, पैलवानांचे पैसेही थकले होते. म्हणजे थीमला धरूनच होईल. (ह. घ्या.)

निशाचर_२१
अहो, खरं हॉटेल नाही काढायचंय! हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट आहे. 'मांडायची आहे' म्हटल्यावर कळेल वाटलं. लायसन्सचं सोडा. ईसीडब्ल्यू भारी आहे, अजून द्या.

ट्रंपकार्ड
काय दिवस होते! वर्गात शेवटच्या बाकावर डब्ल्यूडब्ल्यूएफची पत्त्यांची कार्डं, रँक विचारायची, चेस्ट विचारायची. आता कुठे मिळतात का ती? माझा संच आईने रद्दीत घातला.

आज्जीची_पळी
टोकियोत नोकरीनिमित्त राहते. नवरा न्यू जपान या इथल्या रेसलिंग कंपनीचा भक्त, त्यामुळे नाइलाजाने बरंच ठाऊक झालंय. तिथे नवी पोरं 'यंग लायन'. काळी चड्डी, साधे काळे बूट, मोजकेच डाव. डोजोत, म्हणजे तिथल्या तालमीत राहायचं, झाडूपोछा करायचा, सगळ्यांसाठी चांको शिजवायचं. चांको म्हणजे सुमोवाल्यांची भाज्या-मांस घातलेली रस्सेदार हंडी. मग त्यांना परदेशात पाठवतात आणि परत येतात ते नव्या नावाने, नव्या कपड्यांत. हेच उचल की! शिकाऊ मुलं काळ्या एप्रनमध्ये, त्यांना फक्त वरण, भात, पोळी आणि एक भाजी करायची परवानगी. पोळी करपली तर सीनियर सगळ्यांसमोर परत लाटायला लावणार. वर्षाने त्यांना दुसऱ्या गावच्या स्वयंपाकघरात धाडायचं. परत आले की मेनूत स्वतःच्या नावाचा एक पदार्थ.

आणि इथलं रिबेरा स्टेकहाउस बघ. टीचभर जागा, भिंती पैलवानांच्या फोटोंनी भरलेल्या, आणि तिथे पैलवानांना भेट मिळणारं सॅटिनचं जॅकेट जगभर मिरवलं जातं. ते चाललंय.

तालमीतला
यातलं झाडूपोछा आणि सीनियरचा धाक आमच्या तालमीतही आहे. आता पटायला लागलंय.

मुखवटा
मेक्सिको विसरलात? सीएमएलएल, १९३३ पासून, जगातली सगळ्यात जुनी चालू कंपनी. तिथे रूदो म्हणजे दांडगाई करणारे आणि तेक्निको म्हणजे सरळमार्गी. थेट दोन बाजू करा, एकीकडे झणझणीत, दुसरीकडे सौम्य. बसताना बाजू निवडायची, मध्येच बदलायची नाही. जुन्या चालीच्या लढती तीन फेऱ्यांच्या असतात, म्हणून जेवणही तीन फेऱ्यांत. शेवटच्या पदार्थावर मुखवटा म्हणजे झाकण. पैज हरला तो झाकण काढून सगळ्यांना नाव सांगणार. तिथे मुखवटा पणाला लावलेली लढत हरली की पैलवानाला खरंच चेहरा दाखवून नाव सांगावं लागतं.

मेक्सिको सिटीत सुपर अॅस्ट्रो नावाच्या पैलवानाचं एल क्वाद्रिलातेरो आहे. तिथला ग्लॅडिएटर तोर्ता १.३ किलोचा सँडविच. पंधरा मिनिटांत संपवला तर फुकट.

नायट्रोप्रेमी
डब्ल्यूसीडब्ल्यूची नुसती बदनामी करून सोडलं. सलग ८३ आठवडे त्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मालकाला, मॅकमहनला टीआरपीत हरवलं होतं!

रिंगसाईड
आणि मार्च २००१ मध्ये त्यालाच विकली गेली. पण कल्पना चांगली आहे. होगनच्या करारात स्वतःच्या कथानकावर त्याचा अधिकार होता. तर हॉटेलात पाच नामांकित आचारी, प्रत्येकाच्या करारात 'माझ्या पदार्थाला कुणी हात लावायचा नाही'. आमटी ज्याची तो रजेवर, म्हणून आज आमटी नाही.

नायट्रोप्रेमी
हे कुचकट आहे.

आज्जीची_पळी
डब्ल्यूडब्ल्यूईचं बर्गर काढ. त्यांच्या रॉयल रंबलसारखी थाळी कर, त्या लढतीत ठरावीक वेळाने एकेक पैलवान रिंगमध्ये येतो. आधी दोन वाट्या, मग ठरावीक वेळाने घंटा वाजली की नवी वाटी. ताटात जागा नसली तर एक उचलून बाहेर. शेवटी उरेल तो पदार्थ त्या दिवसाचा विजेता, फळ्यावर नाव.

निशाचर_२१
सगळ्यांचे आभार, पाच झाले! एक राहिलं सांगायचं, प्रत्येक थीममधला एक पदार्थ ट्रेनिंग किचनमध्ये करून दाखवायचाय आणि आमच्याकडे फक्त शाकाहारी चालतं.

मुखवटा
हे आता सांगतोस?

आज्जीची_पळी
चांकोत टोफू, कोबी, मशरूम घाल, रश्श्यासाठी कोंबू (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट). कोंबू नसेल तर वाळलेले मशरूम भिजवून ते पाणी वापर. मीठ शेवटी.

तालमीतला
पांढरा रस्सा शाकाहारी करू नका एवढंच सांगतो.

ट्रंपकार्ड
कार्डांचं कुणीच बोललं नाही. पूर्ण संच असेल तर व्यनि करा.