भाव उघडे झाले, चित्रकाराचा वाटा मात्र राहून गेला

भारतीय चित्रांच्या किमती २००० नंतर केवळ परदेशी लिलावगृहांनी फुगवल्या, हे आपल्या लेखातील म्हणणे मला अपुरे वाटते. १९९१ नंतर देशात नवा पैसा आला आणि परदेशस्थ भारतीयांची खरेदी वाढली, हे खरेच. पण २००० साली मुंबईत सुरू झालेल्या सॅफ्रनआर्ट या भारतीय लिलावगृहाने लिलाव इंटरनेटवर आणले आणि मोजक्या गॅलऱ्यांत ठरणारे भाव आम्हा सोलापूरकरांनाही घरबसल्या दिसू लागले, हा बदल मला अधिक मूलभूत वाटतो. पुढे भाव इतके चढले की २००५ मध्ये चित्रकार तैयब मेहता यांचे ‘महिषासुर’ हे चित्र न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहाच्या लिलावात सुमारे १५.८ लाख डॉलरना विकले गेले.

मात्र अशा फेरविक्रीचा पैसा चित्राच्या तत्कालीन मालकाकडे जातो. आपल्या जिल्ह्यातील पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. त्या पिढीने उमेदीच्या काळात अल्प मोलात दिलेल्या चित्रांवर पुढे इतरांनी नफा मिळवला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ मध्ये १०,००० रुपयांवरील फेरविक्रीत चित्रकाराला १० टक्क्यांपर्यंत वाटा देण्याची तरतूद आहे. बाजाराच्या विस्ताराची चर्चा करताना या तरतुदीच्या अंमलबजावणीचाही आग्रह आपण धरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.