मेक मारलं की 'एक्लोकल-1.15 इज मिसिंग' येतंय

प्रश्न: सोर्स कोडवरून एक टूल टाकतोय, कॉन्फिगर (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) नीट झालं पण मेक (कोड बिल्ड करणारी कमांड) मारलं की एक्लोकल-1.15 (ऑटोमेकमधलाच एक प्रोग्राम) नाही म्हणून अडतंय, माझ्याकडे ऑटोमेक (बिल्डच्या फाइली बनवणारं टूल) 1.16 आहे, आता जुनं व्हर्जन शोधत बसू का?

उत्तर: अजिबात नको. गिटवरून (कोडची व्हर्जन्स सांभाळणारं टूल) घेतलंयस ना? क्लोन केलं, म्हणजे कोडची कॉपी घेतली, की फाइलींच्या वेळा मागेपुढे होतात, मग मेकला वाटतं कॉन्फिगर जुनं झालंय आणि ते परत बनवायला जातं. ऑटोरीकॉन्फ -एफआय (कॉन्फिगर नव्याने बनवणारी कमांड) चालव, मग पुन्हा कॉन्फिगर.

दुसरं उत्तर: प्रोजेक्ट लिबटूल (लायब्ररी बिल्ड करायला मदत करणारं टूल) वापरत असेल तर तेपण आधी टाक, नाहीतर 'अनडिफाइन्ड मॅक्रो' म्हणून रडेल. मी तर सरळ रिलीजचा टारबॉल (कोडची एकत्र बांधलेली फाइल) घेतो, त्यात कॉन्फिगर तयार असतं, ऑटोमेक सहसा लागतच नाही.

प्रश्नकर्ता: लिबटूलच नव्हतं! टाकलं, झालं बिल्ड.